खाजन, बांध आणि आमचं राज्य

पुण्यामुंबईकडचा माणूस भेटला आणि मी गोव्याचा असं त्याला कळलं की तो आधी हसतो. म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची." त्याच्या डोळ्यापुढे समुद्र असतो, वाळू असते, बाटली असते. माझ्या डोळ्यापुढे चिखल असतो. माझा गाव पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी. समुद्र आमच्यापासून दोन कोसांवर. मी जन्मभर त्या समुद्राचं खारं पाणी शेताबाहेर ठेवण्याचं काम केलं, पण त्यात पोहायला म्हणून कधी उतरलो नाही. आमच्या वयाच्या शेतकऱ्यांत असा उतरलेला माणूस शोधावा लागेल.

राज्य केवढं, असाही प्रश्न असतो. ३७०२ चौरस किलोमीटर. किनारा सुमारे १०५ किलोमीटर. आमच्या शेजारचा सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राचा एक जिल्हा, तो ५२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या अख्ख्या राज्याच्या जवळजवळ दीडपट. माणसं मात्र आमच्यात जास्त. २०११ च्या शिरगणतीत आम्ही साडेचौदा लाखांवर होतो. सकाळची न्याहारी करून पेडण्याहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत काणकोण ओलांडून कर्नाटकात पोचतो. आता एवढ्याशा जागेत राहायचं म्हणजे काय, तर कुठूनही थोडं चाललं की शीव लागते. मोठ्या राज्यातल्या माणसाला शीव म्हणजे नकाशावरची रेघ. आमच्या घरात ती जेवणाच्या पानापर्यंत आलेली आहे.

माझी मोठी आत्या आरोंद्याला दिलेली. आरोंदा तेरेखोल नदीच्या पलीकडे, सावंतवाडी तालुक्यात. अलीकडे किरणपाणी, पलीकडे आरोंदा, मध्ये तेव्हा होडी. आमच्या पेडण्याच्या सोयरिकी सगळ्या त्याच बाजूच्या, कारण आम्ही मूळचे तिकडचेच. पोर्तुगीज म्हटले की लोक साडेचारशे वर्षं म्हणतात. ती तिसवाडी, बारदेश, साष्टीची. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली. म्हणजे आमच्यावर त्यांचं राज्य १७३ वर्षं. एवढ्या काळात कागद पोर्तुगीज भाषेत गेले, पण देवळं, जत्रा, दशावतार, मुली द्यायची-आणायची घरं, सगळं तसंच राहिलं. नदी ओलांडली की राज्य बदलतं हे फक्त साहेबाला ठाऊक होतं. लोकांना ते १९५५ साली कळलं.

त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्यात शिरले. आमच्या तालुक्यातल्या पत्रादेवीला पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली. माल बंद, ये-जा बंद. गोव्याला आवळलं की पोर्तुगीज जातील, असा हिशेब होता. पोर्तुगिजांनी बोटी लावल्या. बाबा सांगायचे की पणजीच्या दुकानांत हॉलंडचे बटाटे मिळायचे. बाबांनी ते फक्त ऐकले, खाल्ले नाहीत. आमच्या घरी बटाटा चतुर्थीला एकदा यायचा तोही त्या वर्षांत बंद झाला. आजी वारली तेव्हा आत्याला निरोप पोचायला पाच दिवस लागले. मग एका रात्री ती ओळखीच्या माणसाच्या होडीतून आली, पहाटेच्या आत परत गेली. आईचं तोंड तिला बघायला मिळालंच नाही, फक्त जिथे जाळलं ती जागा बघून गेली. आरोंदा म्हणजे काही लांब नव्हे, वाऱ्यावर तिकडच्या भजनाचा आवाज इकडे येतो.

पण त्या सहा वर्षांत आमच्या गावात कोणी उपाशी मेलं नाही. हे बाबा नेहमी दुसऱ्या वाक्यात सांगत. त्याचं कारण खाजन.

खाजन काय ते देशावरच्या वाचकाला सांगायला हवं. भरतीला नदी चढते. आमची नदीकाठची जमीन त्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. देवाने ठेवली तशी ठेवली असती तर ती खारी दलदलच. पण कोण्या काळी, पोर्तुगीज यायच्याही कितीतरी आधी, आमच्या लोकांनी नदी आणि जमीन यांच्यामध्ये चिखल, पेंढा आणि चिऱ्याचे दगड घालून बांध घातला. बांधाला एके जागी दार ठेवलं. त्या दाराला म्हणतात मानस. फळ्या लाकडाच्या, आणि त्या अशा टांगलेल्या की माणसाने हात लावायला नको. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून दाबतं, दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी रेटतं, दार उघडतं, शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. दिवसातून दोनदा. विजेचं बटण नाही, इंजिनिअर नाही. आमचा मुलगा डिप्लोमा झाला, त्याला मी म्हटलं, याचं चित्र काढून दाखव. त्याने काढलं, मग बराच वेळ बघत बसला.

बांध टिकवणं हे मात्र आपोआप होत नाही. खेकडे त्याला भोकं पाडतात. बोटभर भोकातून पाणी येऊ लागलं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याचं भगदाड होतं. म्हणून पूर्वी बांधावरून रोज कोणीतरी फिरायचाच. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती सरद गेली, आणि पुढचे एक-दोन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत काही होत नाही. जूनचे पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुतात, मग पेरणी. बी म्हणजे कोरगुट. उंच वाढतं, थोडं खारं सोसतं, पाण्यात उभं राहतं. नंतर जया आली, ज्योती आली. त्या जास्त पिकतात. पण खारं लागलं की माना टाकतात. कोरगुटाच्या उकड्या तांदळाची पेज एकदा पोटात गेली की दुपारपर्यंत माणूस काम करतो. आतल्या पोयीत, म्हणजे मानशीला जोडलेल्या ओहोळात, मासळी: शेवटे, काळुंद्रां, सुंगटं. तांदूळ तिथला, नुस्तं तिथलं, बांधावरच्या माडाचा नारळ, आणि नदीपलीकडच्या मिठागराचं मीठ. बाहेरून फक्त कापड आणि रॉकेल आणायचं. अशा गावाला आवळून आवळून किती आवळणार?

एक गोष्ट मात्र खरी. त्या खाजनात पिकवणारे आम्ही आणि मालक दुसरा. भाटकार. घर त्याच्या भाटात, म्हणून आम्ही मुंडकार. शेत त्याचं, म्हणून कूळ. पिकाचा अर्धा वाटा खंड म्हणून जायचा, आणि वर त्याच्या घरी लग्न असो की मयत, आमच्या माणसांनी राबायला जायचं. बाबा त्याच्या अंगणात कधी वहाणा घालून गेले नाहीत. हे मी रागाने नाही सांगत. होतं तसं सांगतो.

माझा जन्म १९६१ च्या नोव्हेंबरातला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. म्हणजे महिनाभर मी पोर्तुगालचा होतो, असं मी थट्टेने म्हणत असे. ती थट्टा पुढे लोकांच्या कामाला आली. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो. लिस्बनला जन्म नोंदवायचा, कागद आला की विमानात बसायचं. आमच्या वाड्यावरचे दोघे इंग्लंडात स्विंडनला कारखान्यात आहेत. ज्या राज्याला घालवायला पत्रादेवीला माणसं मेली, त्याच राज्याच्या कागदावर आमची पोरं नोकरीला जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात दोन भाऊ आणि शेत चार गुंठे, तर एकाने जायलाच हवं.

मुक्तीनंतर पहिला प्रश्न आला, आता राहायचं कोणाबरोबर? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहायची दोन पानं. आमचं घर फुलाचं. आमचा जवळजवळ सगळा गाव फुलाचा. आत्या आरोंद्याला असताना आम्ही दुसरं काय करणार? मराठी पोथ्या वाचणारी माणसं आम्ही. निकाल लागला: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही असं आई सांगते. बाबांना मी मोठेपणी विचारलं तर ते म्हणाले, "चूल पेटली होती, पण जेवलो नाही."

गंमत पुढे आहे. भाऊसाहेब बांदोडकर हे पहिले मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे विलीनीकरणवाले. कौल नि:पक्ष व्हावा म्हणून त्यांनी आधी राजीनामा दिला होता. कौलात ते हरले. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं. बाहेरच्या लोकांना हे कोडं वाटतं. आम्हाला वाटत नाही. भाऊंनी गावोगाव शाळा काढल्या होत्या. माझ्या आधीच्या पिढीत आमच्या वाड्यावर सही करणारे तीन होते. मी दहावी झालो, गोवा बोर्डाची. आणि भाऊंच्या राज्यात १९६४ चा कूळ कायदा आला. खंड पिकाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचा नाही, कुळाला उठवायचं नाही. १९७५ ला मुंडकार कायदा आला. १९७६ ला, शशिकलाताई मुख्यमंत्री असताना, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. कसतो तोच मालक.

मी आता साठी ओलांडल्यावर शांतपणे विचार करतो, की फूल जिंकलं असतं तर? आमचा जिल्हा झाला असता. तेव्हा सिंधुदुर्गसुद्धा वेगळा नव्हता, आरोंद्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला रत्नागिरीला जावं लागे. तो जिल्हा १९८१ ला झाला. आमच्या खाजनाची गोष्ट मुंबईत मंत्रालयाच्या कितव्या मजल्यावर कोण ऐकत बसला असता? आत्याचा मुलगा मला म्हणतो, "तुमचो आमदार तुमका नावान वळाखता. आमचो आमका पाच वर्षांनी दिसता." ते खरं आहे. पण बाबा जेवले नाहीत तेही खोटं नव्हतं. ते दुःख जमिनीच्या हिशेबात बसत नाही. पुढे १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा. ३० मे १९८७ ला गोवा पूर्ण राज्य झालं. आंदोलनाच्या दिवसांत एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं मला आठवतात. मी घरी बोलतो ती पेडण्याची कोकणी, लिहितो मराठी, आणि यात मला स्वतःला कधी अडचण झाली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

आमदार नावाने ओळखतो म्हटलं, त्याचीही दुसरी बाजू आहे. विधानसभेत जागा चाळीस. एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. म्हणजे आमदाराला तुमचं घर, तुमचा भाऊ, तुमचा भावाशी असलेला तंटा, सगळं माहीत. तो बारशाला येतो, बाराव्याला येतो. गटार फुटलं तर त्याला फोन जातो. पण मत कुणाला दिलं असेल याचाही त्याला अंदाज असतो, आणि पोराची नोकरी त्याच्या चिठ्ठीवर. उघड विरोधात बोलायचं तर घरच्यांकडे बघून बोलावं लागतं. आणि एवढ्या छोट्या विधानसभेत दहा माणसं उठून दुसरीकडे बसली तर सगळंच हलतं. २०१९ च्या जुलैत दहा, २०२२ च्या सप्टेंबरात आठ आमदार एका पक्षातून दुसऱ्यात गेले. मोठ्या राज्यात दहा माणसांची अशी मोजदाद कोण ठेवतो?

आता खाजनाकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

जमीन कुळांची झाली तसा बांधही कुळांचा झाला. पूर्वी बांध फुटला तर भाटकार माणसं काढायचा, आमच्याच घरातली, पण काढायचा. आता कूळ संघटना. तिने मानशीच्या मासळीचा दरवर्षी लिलाव करायचा, आलेल्या पैशातून बांध सांभाळायचा. व्यवस्था चांगली. पण ऐंशी-नव्वदच्या पुढे शेतमजुरीला माणूस मिळेना. घरातले शिकलेले नोकरीला, उरलेले हॉटेलात. शेत पडीक पडू लागलं. आणि मानशीचा लिलाव घेणारा जो असतो, त्याला भात नको, मासळी हवी. तो रात्री मानशीच्या फळ्या वर बांधून ठेवतो. भरतीचं पाणी आत येतं, पाण्याबरोबर सुंगटं येतात. शेतं पडीक आहेत, कोण बोलणार? आमच्याकडे असंच तीन-चार वर्षं चाललं. सभेत विषय निघाला की लोक म्हणत, पैसे तर येतात ना? येत होते. भातापेक्षा जास्त येत होते.

२०१६ च्या पावसात बांध फुटला. एकदम पंधरा-वीस हात. खारं पाणी सगळ्या खाजनात उभं राहिलं. सरकारी कचेरीत अर्ज दिले, माणसं येऊन माप घेऊन गेली, परत माप घेऊन गेली. तोपर्यंत पाण्यात चिपी उगवली. शहरात तिला खारफुटी म्हणतात. चिपी वाईट नव्हे, बांधाच्या बाहेर असली तर बांधाला लाटेपासून वाचवते. पण ती शेतात उगवली आणि पुरुषभर झाली की तोडता येत नाही, परवानगी लागते. ज्या तुकड्यावर बाबांनी कोरगुट काढली आणि ज्याच्यासाठी कुळाचा खटला आमच्या घराने अठरा वर्षं चालवला, तो तुकडा कागदावर माझा आणि डोळ्यांना जंगल, अशी गत झाली.

मग २०२० चा मार्च आला. रोगाची टाळेबंदी. आमच्या राज्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती. गोव्याची भाजी बेळगावहून येते, ती गाडी अडली. दूध बाहेरचं, कोंबडी बाहेरची, तांदूळ बाहेरचा. चोर्ल्याचा घाट आणि पत्रादेवीचा नाका बंद झाला की आम्हाला खायला काय आहे, हे आठवडाभरात सगळ्यांना कळलं. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. पडवीत बसून ती म्हणाली, "पंचावन सालाक पेज तरी आमची आसली." आम्ही सगळे घरात होतो, कोणी काही बोललं नाही.

त्या पावसाळ्यात पोरं घरीच होती. हॉटेलं बंद, नोकऱ्या बंद. देवळाच्या मंडपात तोंडाला फडकी बांधून सभा झाली. भांडणं झाली ती झालीच. लिलाव घेणाऱ्याचं म्हणणं, मी पैसे भरलेत. शेवटी संघटनेच्या बँकेतले पैसे आणि घरटी वर्गणी काढून पावसाळा संपताच चिरे आणले, आणि नोव्हेंबरपासून बांध बांधायला घेतला. म्हातारे सांगणारे तिघेच उरले होते, पेंढा किती आणि चिखल कसा तुडवायचा ते. एका पोराने मोबाइलवर सगळं चित्रित करून ठेवलं. चिपी नाही अशा खालच्या भागात दोन पावसाळे जमीन धुऊ दिली आणि २०२३ ला बी टाकलं.

याच सुमाराला जमिनीचे भाव वेडे झाले होते. मोपाच्या सड्यावर विमानतळ, २०२२ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या आधीपासूनच दलाल वाड्यावाड्यावर फिरत होते. आमच्या शेजाऱ्याचा एक तुकडा कुळाचा नव्हे, आजोबांनी विकत घेतलेला, बरोबर बांधाला लागून. दिल्लीकडच्या गिऱ्हाइकाने जो आकडा सांगितला तो ऐकून आमच्या शेजाऱ्याची झोप उडाली. तो तुकडा गेला असता तर बांधावर जायची वाट गेली असती. पण आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा, तिच्या सहीशिवाय विक्री नाही. वहिनींनी सही केली नाही. महिनाभर घरात बोलणं बंद होतं. त्यांना कोणी विचारलं की का नाही केली, तर म्हणत, "मानशीर नुस्त्याक वचपाची वाट ती. खंयच्यान वचूं?" पुढे २०२३ साली विधानसभेने कायदा केला की भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायची नाही. तेव्हा शेजारी म्हणाला, आता सुटलो. वहिनी हसल्या नाहीत, पण त्या दिवशी दोघं एकत्र चतुर्थीच्या बाजाराला म्हापशाला गेली.

गेल्या वर्षी खाजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात भात उभं राहिलं. कोरगुटाचं बी नदीपलीकडच्या एका गावातून आणलं, आमच्याकडे ते संपलं होतं. वरच्या भागात चिपी आहे ती आहे, तिच्यात आता बगळे घरटी करतात. माझा तुकडा त्यातच आहे. यंदाच्या लिलावाच्या कागदात संघटनेने एक अट घातली: जून ते ऑक्टोबर मानशीच्या फळ्यांना हात लावायचा नाही, आणि किल्ली शेतकऱ्याकडे. लिलाव त्यामुळे मागच्यापेक्षा कमी रकमेत गेला. किल्ली सध्या माझ्याकडे आहे. उधाणाच्या रात्री मुलाला बॅटरी घेऊन बरोबर नेतो, खेकड्याची भोकं कुठे पाहायची ते त्याला अजून नीटसं कळत नाही.